सिंह असल्याचा दाखला

जगातले वन्यप्राणी मुख्यतः दोन ठिकाणी राहतात: जंगलात आणि चित्रांत. जंगलातले प्राणी ऊन, पाऊस, भूक आणि माणूस यांना तोंड देत देत कमी होत चालले आहेत. चित्रांतल्यांना यातलं काहीच होत नाही. फार तर वाळवी लागते. त्यामुळे प्राणी म्हणून जन्माला यायचंच असेल तर चित्रात यावं, असं शहाण्या माणसांचं मत आहे. शहरातल्या कला-संग्रहालयाचंही तेच मत होतं, आणि संग्रहालयाला मत असणं ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी सात जणांची समिती लागते.

या संग्रहालयात ‘कलेतील वन्यप्राणी’ नावाची पाच दालनं आहेत, आणि ती पाचही धाकटीला पाठ होती. धाकटी म्हणजे संग्रहालयात चित्रांखालचे फलक लिहिणाऱ्या बाईंची धाकटी मुलगी. वय पंधरा, इयत्ता नववी. थोरली शिकायला परगावी गेली तेव्हापासून घरात हीच एकटी होती, पण पदोन्नती काही मिळाली नव्हती. गेल्या सहा महिन्यांत धाकटीला एक मोठा शोध लागला होता, तो असा की वर्गात हात वर करून प्रश्न विचारला तरी जीव जात नाही. तेव्हापासून तिचा उजवा हात फारसा खाली आलेला नव्हता.

शाळा सुटली की ती आईच्या खोलीत येऊन बसायची. ही खोली चौथ्या दालनाच्या मागे. एक खिडकी, एक लांब टेबल, बरणीत उभे केलेले ब्रश, आणि टर्पेंटाइनचा असा वास की सर्दी झालेली माणसं मुद्दाम येऊन उभी राहायची. आई पट्ट्या कापायची, शिसपेन्सिलीने रेघा आखायची आणि काळ्या रंगात सुंदर अक्षरं काढायची. (छापील फलक स्वस्त पडतात, पण छापील अक्षरावर लोक विश्वास ठेवत नाहीत आणि हाती काढलेल्यावर ठेवतात, असा समितीचा अनुभव आहे.) तोवर धाकटी दालनांतून भटकायची.

पहिल्या दालनात गुहेतल्या चित्रांच्या प्रतिकृती. गवे, रेडे, हरणं, सगळी धावताना. जाणकार याला ‘रेषेतला आवेग’ म्हणतात. धाकटीला मात्र वाटायचं की ज्याच्या घराला दार नाही आणि गवा बाहेरच उभा आहे, त्याच्या रेषेत आवेग येणारच.

दुसऱ्या दालनात राजांच्या शिकारी. एकूण चित्रं चौसष्ट. मेलेले प्राणी तीनशे अकरा, मेलेले राजे शून्य, घाबरलेला राजा एक. (त्या चित्रकाराचं यानंतरचं एकही चित्र उपलब्ध नाही.) या आकड्यांवरून त्या काळचे प्राणी फारच बेसावध असत, असा निष्कर्ष निघतो, आणि तसा फलक लावलेला आहे.

तिसऱ्या दालनात जुन्या हस्तलिखितांच्या समासातले प्राणी. ते काढणाऱ्या लेखनिकांनी आयुष्यात मांजरापलीकडे जनावर पाहिलेलं नव्हतं, पण समास तर भरायचा होता. सबब इथला हत्ती म्हणजे नाकात पाइप अडकलेलं डुक्कर, देवमासा म्हणजे भुवया असलेला मासा, आणि बिबट्या म्हणजे गोवर उठलेलं मांजर. पाचव्या दालनात आधुनिक कला. तिथे प्राणी दिसत नाहीत, ते जाणवतात. ‘वाघ’ या चित्रात एक नारिंगी पट्टा आहे आणि पट्ट्यासमोर बसायला बाक आहे, कारण जाणवायला वेळ लागतो.

पण संग्रहालयाची शान म्हणजे चौथं दालन, दरबारी सिंहांचं. तीनशे वर्षांतले चारशे सतरा सिंह. त्यांपैकी तीनशे एक्याण्णव सिंहांनी पुढचा उजवा पंजा उचललेला आहे. एकोणीस सिंहांनी डावा उचलला आहे, पण ते ठशावरून छापताना उलटे झालेले असल्यामुळे त्यांचा हेतू शुद्ध धरण्यात येतो. उरलेल्या सातांचे पाय चौकटीत मावले नाहीत. इतक्या एकमताने या देशात दुसरं काही झाल्याची नोंद नाही. म्हणूनच समितीने फार पूर्वी ‘प्रमाण सिंह’ ठरवून टाकला. प्रमाण सिंहाची लक्षणं सहा: तो उभा असतो, तोंड उघडं असतं, आयाळ दाट आणि कुरळी असते, चेहरा किंचित माणसासारखा, शक्यतो अधिकारी माणसासारखा असतो, शेपटीच्या टोकाला गोंडा असतो, आणि पुढचा उजवा पंजा उचललेला असतो. सहापैकी पाच जुळली तर सिंह. चार जुळली तर फेरतपासणी. तीन किंवा कमी जुळली तर ते दुसरं काहीतरी.

समितीत माजी टपालप्रमुख हे अध्यक्ष. भारदस्त, रुंद चेहऱ्याचे, गालांवर पांढरेशुभ्र दाट कल्ले. त्यांच्याखेरीज एकमेकांशी न बोलणारे दोन इतिहासतज्ज्ञ, एक चौकटी बनवणारे कारागीर (सिंह कितीही मोठा असला तरी शेवटी चौकटीत बसला पाहिजे), ज्यांच्या फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह आहेत असे एक गृहस्थ, आणि सचिव. सातवी जागा रिकामी होती. सातव्या सदस्याने परदेशी प्रवासात चुकून खरा सिंह पाहिला आणि परतल्यावर ते बैठकीत सारखे ‘पण मी पाहिलाय ना’ असं म्हणू लागले. अशाने निर्णय एकतर्फी होतो. त्यांनी राजीनामा दिला, तो सन्मानाने स्वीकारण्यात आला.

आता चूक कशी झाली ते पाहू. संग्रहालयाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून शाळांसाठी चित्रस्पर्धा जाहीर झाली. विषय: सिंह. परिपत्रक टंकलेखकाने काढलं, आणि वेळ वाचावा म्हणून मागच्या वर्षीचंच घेऊन त्यात बदल केले. मागच्या वर्षीचा विषय होता ‘फुलदाणी: प्रत्यक्ष पाहून’. त्याने फुलदाणी खोडली. पुढचं राहून गेलं.

‘सिंह: प्रत्यक्ष पाहून’ हे दोनशे तेरा मुलामुलींनी वाचलं. दोनशे बारांनी त्यातला शहाणपणाचा भाग घेतला आणि चौथ्या दालनात जाऊन, पाठ्यपुस्तक उघडून किंवा बिस्किटांच्या डब्यावरून सिंह उतरवून काढला. एकटी धाकटी प्राणिसंग्रहालयात गेली.

प्राणिसंग्रहालय शेजारीच, भिंतीला भिंत लागून. दोन्ही ठिकाणी लोक प्राणी बघायलाच येतात, म्हणून सरकारने दोन्हींना एकाच खात्याखाली ठेवलं होतं. तिथे एकच सिंह होता. वय एकवीस, म्हणजे सिंहांच्या हिशेबाने कधीच निवृत्त. त्याला सांभाळणारा राखणदार त्याला म्हातारबा म्हणायचा. राखणदार स्वतःही निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा, आणि दोघांचं वेळापत्रक एक होतं: सकाळी खाणं, मग दक्षिणेकडच्या कट्ट्यावर ऊन, मग आणखी ऊन. म्हातारबाचे सांधे धरले होते. ऊन मिळालं की तो उठून पाण्यापर्यंत जायचा, ढगाळ असलं की पाण्यालाच त्याच्यापर्यंत जावं लागायचं. राखणदार पत्र्याचा हौद ढकलत न्यायचा.

धाकटी चार रविवार गेली. चारही रविवारी म्हातारबा झोपलेला होता. एका कुशीवर, पोट मोकळं सोडून, मागचा एक पाय हौदाच्या कडेवर टाकून. तोंड बंद. आयाळ विरळ, एका बाजूने वळवून दुसऱ्या बाजूला नेल्यासारखी. कानावर एक माशी. धाकटीने ते सगळं तसंच्या तसं काढलं, माशीच्या पायांसकट. काढताना तिला इतका आनंद झाला की चौथ्या रविवारी तिने चित्र कुंपणापलीकडून राखणदाराला दाखवलं.

राखणदाराने चष्मा पुसला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

“म्हातारबाच आहे हा,” तो म्हणाला. “आणि कानावरची माशीपण त्याचीच आहे, पोरी. तिसरा महिना चाललाय तिचा.”

पंधरा दिवसांनी पहिल्या फेरीचा निकाल लागला. दोनशे बारा चित्रांत सिंह आढळला. धाकटीच्या चित्रावर सचिवांच्या अक्षरात अभिप्राय होता: ‘चित्रात सिंह आढळून येत नाही. वापरलेली गादी आढळून येते. माशी चांगली.’

सहा महिन्यांपूर्वीची धाकटी रडली असती आणि जेवली असती. आताच्या धाकटीने अपील केलं. अर्जासोबत तिने राखणदाराचं पत्र जोडलं. राखणदाराने ते तीनदा लिहून चांगल्या अक्षरात उतरवलं होतं: ‘सदर चित्र आमच्या सिंहाचे असून हुबेहूब आहे. यात मला तिळमात्र शंका नाही.’ खाली सही, हुद्दा आणि खात्याचा शिक्का. आईने पत्र वाचलं, आणि शिक्का बघून ती जरा थांबली. बोलली काही नाही. फलक लिहून लिहून तिला थोडक्यात बोलायची सवय झाली होती, आणि थोडक्याच्याही पुढे गेलं की माणूस गप्पच होतो.

समितीने अपील अत्यंत गांभीर्याने घेतलं. असं कोणी म्हणू नये की समिती मुलांचं ऐकत नाही. तिने ऐकलं, आणि पुढीलप्रमाणे विचार केला. राखणदार हा शासकीय सेवक आहे, त्याच्या सहीशिक्क्यावर अविश्वास दाखवता येत नाही. सबब चित्र हुबेहूब आहे, हे मान्य. चित्रात सिंह नाही, हे समितीने आधीच ठरवलेलं आहे आणि ते बदलता येत नाही. म्हणजे ज्या प्राण्याचं ते हुबेहूब चित्र आहे, तो प्राणीही सिंह नाही.

दोन्ही इतिहासतज्ज्ञ या मुद्द्यावर एकमेकांशी बोलले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मग ओघाने आदेश निघाला. कुंपणावरची ‘सिंह’ ही पाटी उतरवावी. तात्पुरती ‘सिंहसदृश (तपासणी चालू)’ अशी लावावी. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास प्राण्याला सिंहांच्या कट्ट्यावरून हलवून मागच्या ‘संकीर्ण’ विभागात ठेवावं. संकीर्ण विभाग म्हणजे उत्तरेकडची पिंजऱ्यांची रांग. तिथे एक साळिंदर, दोन कोणते ते न ठरलेले पक्षी, आणि एक रिकामा पिंजरा, ज्यावरही ‘तपासणी चालू’ असं लिहिलेलं होतं. ऊन तिथे वर्षातून तीन आठवडे यायचं, तेही भिंतीवर.

नवी पाटी लिहायचं काम अर्थातच आईकडे आलं. त्या दिवशी धाकटीने आईला पहिल्यांदाच अक्षर बिघडवताना पाहिलं.

ती धावत राखणदाराकडे गेली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, तू काय करणार, तू तर खरं तेच काढलंस; आणि हौद कट्ट्याजवळ सरकवायला वाकला. धाकटीला ते चिडण्यापेक्षा फार लागलं. आपल्या हौसेपायी एका म्हाताऱ्याचं ऊन जाणार, हा विचार करत ती कुंपणाशी बसून राहिली. दहा मिनिटं. मग तिने हात वर केला. समोर विचारायला कोणीच नव्हतं, तरीही.

पहिली हरकत तिने अशी घेतली की समितीने प्राणी समक्ष पाहावा. नियमात बसत होतं. सहाही सदस्य आले. सचिवांच्या हातात सहा चौकोनांचा तक्ता. म्हातारबा कुशीवर. पाहणी दोन तास चालली. पहिल्या तासात त्याने शेपटी एकदा आपटली, त्यावरून गोंडा निश्चित झाला: एक गुण. दुसऱ्या तासात त्याने जांभई दिली. तोंड उघडं, जवळजवळ सिंहासारखं. पण अध्यक्षांचा चष्मा खिशातून निघेपर्यंत ते मिटलं होतं, म्हणून अर्धा गुण. मग सगळ्यांचे श्वास रोखले गेले, कारण म्हातारबाने पाय उचलला. मागचा. आणि त्याने पोट खाजवलं.

चौकटवाल्या कारागिरांनी या प्राण्याला आडवी चौकट लागेल असा तांत्रिक शेरा दिला. सिमेंटच्या सिंहांच्या मालकांनी सरळ सांगितलं, की आमचे दोघं बारा वर्षं फाटकावर आहेत, कधी बसलेलेसुद्धा पाहिले नाहीत. एकूण गुण सहापैकी दीड.

जाता जाता अध्यक्ष धाकटीजवळ थांबले. माणूस मनाने वाईट नव्हता.

“बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “अगं, सिंह पाहिला की आपल्याला आतून कळतं. याच्याकडे पाहून मला फक्त झोप आली.”

राहिले नऊ दिवस. आता आईने तोंड उघडलं. ती म्हणाली, पंजा का उचललाय ते कोणालाच माहीत नाही. तळघरात दरबारी चित्रकाराच्या कागदांच्या पेट्या आहेत, पहिला सिंह त्यानेच काढला. मग आईने किल्ली दिली, स्वेटर दिला, आणि शिंक आली तर कागदावर शिंकू नकोस म्हणाली.

पाच दुपारी धाकटी धूळ खात बसली. पाचव्या दुपारी तिला चित्रकाराने आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र सापडलं. तीनशे वर्षांपूर्वीचं, पण सूर घरातलाच:

‘ताई, महाराजांना सिंह हवा आहे. सिंह मी पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्याकडचा कुत्रा समोर बसवला आहे. बसवला म्हणजे उभा केला, कारण तो ऐकत नाही. त्याच्या पुढच्या उजव्या पायात काटा रुतला आहे, म्हणून तो पंजा खाली टेकत नाही; मी म्हटलं, आहे तसं काढू. आयाळीसाठी तुझी कुरळ्या लोकरीची शाल त्याच्या गळ्यात बांधली, त्यावर तो तोंड वासून ओरडत राहिला. चेहरा महाराजांचाच घातला, म्हणजे नापसंत व्हायला नको. दरबारात सिंह कोणीच पाहिलेला नसल्यामुळे सर्वांना लगेच ओळखू आला. काल काटा काढला. आता कुत्रा चारही पाय टेकतो, त्यामुळे पुढच्या सिंहाला उपयोगाचा राहिला नाही. शाल धुऊन पाठवतो.’

धाकटीने पत्र दोनदा वाचलं आणि तळघरातच एक गिरकी घेतली. तीनशे वर्षं, चारशे सतरा सिंह, आणि सगळे एका कुत्र्याच्या काट्याने लंगडे. आता समितीला काय बोलायला जागा उरणार होती?

समितीला बोलायला नेहमी जागा असते. सभागृहात पत्र वाचून दाखवण्यात आलं. एका इतिहासतज्ज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी धाकटीचं मनापासून अभिनंदन केलं. इतकी वर्षं परकीय टीकाकार म्हणत होते की आपला सिंह काल्पनिक आहे. आज सिद्ध झालं की तो प्रत्यक्ष पाहून काढलेला आहे. काय पाहून, हा तपशिलाचा भाग. चौथ्या दालनात तसा फलक लावायचं ठरलं. (‘प्रत्यक्ष पाहून’ हे परिपत्रकातले शब्दही त्यामुळे चूक न राहता दूरदृष्टी ठरले, आणि टंकलेखकाच्या बढतीची शिफारस झाली.)

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या इतिहासतज्ज्ञाने एक शास्त्रीय मुद्दा मांडला. पंजा उचलण्याचं कारण आता कळलेलं आहे. समोरचा प्राणी पंजा उचलत नाही, कारण त्याला काटा लागलेला नाही. म्हणजे उणीव प्राण्यात नसून व्यवस्थेत आहे. ती प्रशासनाला दूर करता येईल का? प्राण्याला एक संधी द्यायला हवी. सर्वांना हे फार माणुसकीचं वाटलं. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं: ‘योग्य मापाच्या काट्याबाबत उद्यान विभागाकडे विचारणा करावी. अंमलबजावणी सोमवारी.’

मागच्या खुर्चीवर राखणदार बसला होता. त्याला साक्षीला बोलावलेलं होतं. तो उभा राहायला गेला, आणि पुन्हा बसला.

“साहेब, तो एकवीस वर्षांचा आहे,” तो म्हणाला. “पाय दुखतो म्हणूनच तर झोपतो. त्याला अजून दुखवायचं?”

“सिंह व्हायचं म्हणजे थोडं सोसावं लागतंच,” अध्यक्ष सहानुभूतीने म्हणाले.

तो शुक्रवार होता. धाकटी आईच्या खोलीत आली आणि टेबलावर डोकं टेकून बसली. खरं काढलं तर म्हातारबाची पाटी गेली. खरं शोधलं तर काटा आला. तिच्या हिशेबाने आता आणखी एखादं खरं सापडलं तर समिती त्याचा पायच मागेल. आई ब्रश धूत होती. बराच वेळ धूत होती. मग तिने भिंतीकडे बोट केलं. सभागृहाच्या दाराशी लागलेला नियमांचा फलक रंग उडाला म्हणून दुरुस्तीला आला होता आणि भिंतीला टेकून ठेवलेला होता.

“सातवा वाच,” आई म्हणाली.

धाकटीने वाचला: ‘प्राणी व त्याचे पुरस्कारप्राप्त चित्र यांत तफावत आढळल्यास चित्र ग्राह्य धरावे.’

“बावीस वर्षांपूर्वी मीच लिहिलाय तो,” आई म्हणाली. “लिहिताना हसू आलं होतं. अगं, बघतेस काय? पहिला क्रमांक अजून ठरायचाय, आणि स्पर्धेतल्या फेरसादरीकरणाची मुदत आज चार वाजता संपते.”

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. धाकटीने कागद ओढला आणि अठरा मिनिटांत सिंह काढला. प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्राला चार रविवार लागले होते. न पाहता काढायचं असेल तर कला किती वेगवान होते, याचा हा पुरावा आहे. सिंह उभा. तोंड इतकं उघडं की पडजीभ दिसावी. आयाळ केशकर्तनालयातून नुकती आल्यासारखी. गोंडा मोठा. उजवा पंजा असा वर, जणू त्याला वर्गात प्रश्नच विचारायचा आहे. आणि रुंद, भारदस्त चेहरा, गालांवर पांढरे दाट कल्ले.

राखणदाराची सही लागणार होती. तो पायऱ्यांवरच बसला होता. त्याने चित्र लांब धरलं, जवळ धरलं. पुन्हा लांब धरलं. धाकटीला वाटलं हा आता नाही म्हणेल, आणि त्याने नाही म्हटलं असतं तर तिला त्याचा रागही आला नसता.

“माशी कुठंय?” त्याने विचारलं.

“काका, तिच्यापायी एक गुण जाईल.”

“जाऊ दे. तेवढी तरी असू दे.”

तिने कानावर माशी काढली. त्याने सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिला.

सोमवारी सकाळी समिती बसली. टेबलावर एका बशीत उद्यान विभागाने पाठवलेले तीन काटे, लहान, मध्यम आणि मोठा, चिठ्ठ्यांसकट. शेजारी चित्र. अध्यक्षांनी चित्र हातात घेतलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ते म्हणाले की याला म्हणतात सिंह. यात काहीतरी ओळखीचं तेज आहे, कुठे पाहिलंय ते आठवत नाही, पण रोज पाहिल्यासारखं वाटतं. बाकीच्या पाच जणांनी चित्राकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि एकमताने पहिला क्रमांक दिला. सहापैकी सहा. माशीची नोंद ‘कलावंताचं स्वातंत्र्य’ अशी झाली.

मग नियम सात लागू झाला. पुरस्कारप्राप्त चित्रातला प्राणी सिंह आहे. राखणदाराच्या सहीनुसार हा प्राणी म्हणजेच म्हातारबा. प्रत्यक्षातला म्हातारबा आणि चित्रातला म्हातारबा यांत तफावत आहे, पण ती आता प्रत्यक्षातल्याची खासगी बाब आहे. त्याला सिंह असल्याचा दाखला देण्यात आला. दाखल्यावर वर्णन आहे: ‘उभा, आयाळ दाट, कल्ले पांढरे.’ काटे उद्यान विभागाला परत गेले. (मध्यम काट्याची पोच अद्याप आलेली नाही.)

आईने ‘सिंह’ ही पाटी पुन्हा लिहिली. या वेळी अक्षर बिघडलं नाही, फक्त वेलांटी जरा जास्तच गोल आली.

बक्षीस समारंभात धाकटीचा फोटो निघाला, त्यात तिचा उजवा हात वर आहे. तिला एक प्रश्न होता, तो वेळेअभावी घेण्यात आला नाही. तिचं चित्र मोठं करून म्हातारबाच्या कुंपणावर लावलेलं आहे. पहिलं चित्र, गादीचं, राखणदाराच्या खोलीत आहे, चहाच्या किटलीच्या वर. त्याला फलक नाही. विचारलं तर राखणदार सांगतो, आमच्यातलाच एक आहे.

धाकटीने सवयीप्रमाणे नंतरही चार रविवार मोजणी केली. कुंपणाशी येणाऱ्या दर शंभरांपैकी एक्याण्णव जण चित्रासोबत फोटो काढतात, तेही पंजा उचलून. सहा जण विचारतात, सिंह कुठे आहे? उरलेले तिघं आत डोकावतात, कट्ट्यावर उन्हात काहीतरी पसरलेलं आहे ते बघतात, आणि आज सिंहाला सुट्टी दिसते म्हणून पुढे जातात. म्हातारबा हे सगळं ऐकतो की नाही ते कळत नाही. माशीला पाचवा महिना लागला आहे.

समितीची सातवी जागा अजून रिकामी होती, ती भरण्यासाठी मध्यंतरी पात्रता ठरवली गेली. उमेदवाराने सिंह पाहिलेला नसावा, पण नाव काढताच त्याच्या डोळ्यांसमोर सिंह उभा राहावा. अर्ज मागवावे लागले नाहीत. या हकिगतीत म्हातारबा पहिल्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत आडवा आहे, एक जांभई सोडली तर तोंड मिटून, आयाळ विरळ. एकदाही उठलेला नाही. तरी वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर जो होता तो कसा होता, ते तुम्ही आठवून पाहा. कुठला पंजा वर होता, ते कळवायची गरज नाही. पहिली बैठक सोमवारी आहे. खुर्चीवर तुमच्या नावाची पट्टी आईने लिहून ठेवली आहे.